दगडी कोळशावर घर गरम ठेवायचा प्रकल्प: हिवाळाभराच्या नोंदी

२ सप्टेंबर

यंदा घर गरम ठेवायचं काम थंडी यायच्या आधीच मार्गी लावायचं ठरवलंय म्हणून ह्या नोंदी सुरू करतेय. परिस्थिती अशी की विजेचे हीटर आहेत पण नेमकी कडाक्याच्या थंडीत वीज जाते, आणि लाकडावर चालवतो तो स्टोव्ह रात्री दर दोन-तीन तासांनी उठून भरावा लागतो, आईला ते झेपत नाही आणि आम्हा दोघा भावंडांना सकाळी कामावर जायचं असतं. दगडी कोळसा एकदा नीट पेटला आणि वेळेवर भरला की दहा-बारा तास एकसारखी ऊब देतो, मला तेच हवंय. स्टोव्ह मल्टिफ्युएल आहे, म्हणजे लाकूड आणि कोळसा दोन्ही चालतात, खाली हलवता येणारी जाळी आहे, जाळीच्या खालून हवा घ्यायची सोय आहे, राखेचा वेगळा ट्रे आहे आणि माहितीपुस्तिकेत अँथ्रासाइट (सगळ्यात कठीण जातीचा दगडी कोळसा) चालेल असं स्पष्ट लिहिलंय. हे सगळ्यात आधी बघितलं कारण फक्त लाकडासाठी बनवलेल्या स्टोव्हमध्ये कोळसा टाकायचाच नसतो, त्याला खालून हवा मिळत नाही आणि कोळसा अर्धवट धुमसत बसतो.

अजून एक इथेच लिहून ठेवते. उघड्या शेगडीत किंवा घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत बसणं किंवा झोपणं ह्याचा ह्या प्रकल्पाशी काही संबंध नाही. कोळसा लाकडी असो की दगडी, त्याने माणसं झोपेतच जातात. इथे जे जळेल ते बंद पेटीत जळेल आणि त्यातून निघालेला वायू धुराड्यातूनच बाहेर जाईल, ह्यावर तडजोड नाही.

५ सप्टेंबर

कोणता कोळसा घ्यायचा ह्यावर दोन दिवस वाचन. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, आधीच बाद, त्यात ओलच तीस टक्क्यांच्या वर असते, म्हणजे आपण पाणी विकत घेतो आणि मग ते उकळायला उष्णता घालवतो. बिट्युमिनस, म्हणजे नेहमीचा धुराचा दगडी कोळसा, लवकर पेटतो, ज्वाळाही मोठ्या दिसतात पण त्यातून तापल्यावर इतका वायू आणि डांबरी धूर सुटतो की घरगुती स्टोव्हमध्ये तो सगळा जळतच नाही, काजळी होऊन पाइपात बसते नाहीतर शेजाऱ्यांच्या नाकात जाते. अँथ्रासाइट सगळ्यात जुना आणि कठीण, त्यात कार्बन ८६ ते ९८ टक्के, धूर जवळपास नाही, ज्वाळा आखूड आणि निळ्या, हाताला काळंही कमी लागतं. किलोमागे साधारण ३० मेगाज्यूलच्या पुढे उष्णता, सुकलेल्या लाकडात १५-१६ असते, म्हणजे तेवढ्याच वजनात दुप्पट.

त्याचा त्रास एकच, पेटायला फार वेळ घेतो. पण आमच्याकडे तो दिवसरात्र चालणार असल्याने पेटवणं क्वचित येईल, म्हणून अँथ्रासाइट पक्का. खड्याचा आकार २० ते ४० मिमी. आकार मुद्दाम लिहितेय, कारण खडे एकसारखे असले तरच मधून हवा जाते, बारीक चुरा मिसळलेला असला की फटी बुजतात आणि आग गुदमरते. मोठे दगड घेतले तरी नाही चालत, मधल्या पोकळ्या इतक्या मोठ्या होतात की एक खडा दुसऱ्याला तापवत नाही.

९ सप्टेंबर

आज वहीत आकडेमोड. भिंती, छत, खिडक्या ह्यांचं क्षेत्रफळ मोजून घराची उष्णतेची गळती काढली, आत-बाहेर एका डिग्रीच्या फरकाला साधारण २५० वॅट आली. बाहेर शून्य आणि आत वीस ठेवायचं म्हटलं तर ५ किलोवॅट, दिवसाला १२० युनिट उष्णता. एक किलो अँथ्रासाइटमध्ये साडेआठ युनिटच्या आसपास, स्टोव्हची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर हातात सहा युनिट, म्हणजे दिवसाला २० किलो कोळसा. हे वाचून भाऊ म्हणाला, "ताई, रोज वीस किलो उचलून आणायचा आणि राख वेगळी काढायची, कोण करणार?" बरोबर आहे त्याचं. म्हणून कोळशाच्या आधी छत. वर इन्सुलेशन जाड केलं आणि खिडक्यांच्या फटी बंद केल्या तर गळती १८० वॅटपर्यंत उतरेल असा हिशोब आहे, मग दिवसाला साडेचौदा किलोच्या आत भागतं. जो कोळसा जाळावाच लागला नाही त्याची राखही नाही आणि धूरही नाही.

१२ सप्टेंबर

स्टोव्ह पूर्ण उघडला. जाळीच्या दोन पट्ट्या वाकलेल्या निघाल्या, नवीन घेतल्या. बिडाची एवढी जाड पट्टी वाकते कशी तर जाळीला थंड ठेवते ती खालून येणारी हवाच, ट्रेमध्ये राख साचून जाळीला टेकली की ती हवा थांबते, वरून निखाऱ्यांची धग आणि खालून गरम राख, मग बीड तापून मऊ पडतं. म्हणजे राखेचा ट्रे वेळेवर रिकामा करण्यावर जाळीचं आयुष्य आहे. दार हवाबंद बसावं म्हणून कडेने लावलेल्या दोरीची परीक्षा कागदाची पट्टी दारात अडकवून ओढून केली, खालच्या बाजूला पट्टी सहज निसटली, दोरी बदलली. आतल्या फायरब्रिक (उष्णता सोसणाऱ्या विटा) ठीक आहेत, एका विटेला बारीक चीर आहे ती फायर सिमेंटने भरली.

जाळीचं काम करताना मनात सारखी एक गोष्ट येत होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अँथ्रासाइट भरपूर होता पण लोहार भात्याने हवा मारून तो वापरायचे, घरात साध्या चुलीत तो जळत नाही असंच लोक धरून चालले होते. ११ फेब्रुवारी १८०८ ला विल्क्स-बॅरी इथे जेसी फेल ह्यांनी आपल्या खाणावळीत लोखंडी जाळीवर तो भात्याशिवाय जाळून दाखवला. कोळसा तोच, माणसं तीच, फक्त तो जमिनीवरून उचलून जाळीवर ठेवला आणि खालून हवेला वाट मिळाली. मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटतो, दोनशे वर्षांनी आम्ही जे करतोय ते तेच आहे. लाकडाला वरून हवा चालते, राखेच्या गादीवर ते उलट छान जळतं. कोळशाला हवा खालूनच लागते.

१८ सप्टेंबर

धुराडं. आजचा पूर्ण दिवस ह्यात गेला आणि जायलाच हवा होता.

भाऊ छतावर, मी खाली. वर जुनं घरटं होतं ते काढलं, ब्रश फिरवला, बादलीभर काजळी निघाली. सांधे तपासले, एक सांधा उलटा बसवलेला होता तो सरळ केला. आतलं जुनं लायनर, म्हणजे धुराड्याच्या आत घातलेला पाइप, साध्या स्टीलचं आहे ते बदलायचं ठरलं कारण दगडी कोळशात गंधक असतं, जळल्यावर त्याचे वायू होतात आणि थंड पाइपात ओल धरली की त्याचं सल्फ्युरिक आम्ल बनतं, लाकडावर वर्षानुवर्षं टिकलेला पाइप कोळशावर दोन-तीन हिवाळ्यांत चाळण होऊ शकतो. आम्लाला टिकणाऱ्या ९०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं लायनर मागवलंय, महाग आहे पण झोपायच्या खोलीच्या भिंतीतून तो पाइप जातो, तिथे काटकसर करायची माझी तयारी नाही.

मग ड्राफ्टचा, म्हणजे धुराड्याच्या ओढीचा हिशोब. धुराडं ओढतं ते केवळ आतली गरम हवा बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलकी असते म्हणून, दुसरं कोणतंही यंत्र तिथे नाही. आमची उंची ६ मीटर. बाहेर शून्य डिग्री आणि पाइपात सरासरी १५० असेल तर कागदावर २७ पास्कल (दाब मोजायचं एकक) ओढ मिळते, घर्षण आणि वळणं वजा जाता स्टोव्हला लागणारे १२ पास्कल सहज मिळावेत. बाहेर शून्य आणि पाइपात ८० असेल तर १७. पण बाहेर वीस डिग्री आणि आग मंद करून पाइप ५० वर आला तर साडेसहाच उरतात, तेही कागदावर. हा शेवटचा आकडा लाल पेनने गोल केलाय. लोकांना वाटतं कडाक्याच्या थंडीत जोरात पेटलेला स्टोव्ह धोक्याचा, धुराड्याच्या दृष्टीने मात्र कोवळ्या थंडीतला मंद स्टोव्ह जास्त धोक्याचा.

२१ सप्टेंबर

सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बसवले. स्टोव्हच्या खोलीत एक, आईच्या खोलीत एक, वरच्या मजल्यावर आमच्या खोल्यांच्या बाहेर एक. आईने विचारलं, "अगं धुराचा अलार्म आहे की आधीच." आई, तो धूर ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही ओळखत. ह्या वायूला रंग नाही वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे-अडीचशे पट घट्ट चिकटतो, म्हणून हवेत थोडासा असला तरी तासातासाने रक्तात साठत जातो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगातला जोर जाणं, फ्लूसारखंच पण ताप नाही, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटतं. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर आधी सगळे बाहेर, मग मदतीला फोन, कारण शोधायला कोणीही आत थांबायचं नाही, हे तिघांनीही एकमेकांना म्हणून दाखवलं.

अलार्म युरोपीय मानक ईएन ५०२९१ चे घेतले. त्यात ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) ६० ते ९० मिनिटांत, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला ३ मिनिटांच्या आत वाजायला हवा. म्हणजे कमी प्रमाणात तो मुद्दाम उशिरा वाजतो, आपण सतत बघायचं असेल तर स्क्रीनवर आकडा दाखवणारा घ्यावा, आम्ही तसाच घेतला. मागे बदलायची तारीख छापलेली असते ती मोठ्या अक्षरात पुढे लिहून चिकटवली, सेन्सर म्हातारा होतो.

२९ सप्टेंबर

छताचं इन्सुलेशन झालं, खिडक्यांना रबर लागलं. आणि इथेच ह्या प्रकल्पातला सगळ्यात अवघड प्रश्न उभा राहिला.

एक किलो कोळसा पूर्ण जळायला साधारण ११ किलो हवा लागते, हा किमान आकडा, प्रत्यक्षात स्टोव्ह दीडपट-दुप्पट हवा ओढतो. दिवसाला १५ किलो कोळसा म्हणजे अडीचशे-तीनशे किलो हवा रोज घरातून धुराड्यातून बाहेर जाणार. ती आत कुठून येणार? आजपर्यंत ज्या फटींतून येत होती त्या मी आत्ताच मन लावून बंद केल्यात. फटी बंद म्हणजे हवा कमी, हवा कमी म्हणजे कार्बन अर्धवट जळणार आणि मोनॉक्साइड जास्त, शिवाय घरातला दाब उतरला की धुराड्याची ओढ आणि घराची ओढ ह्यांची झुंज लागते, त्यात घर जिंकलं तर धुराड्यातला वायू घरात. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू असला तर घर जिंकायची शक्यता अजून वाढते.

म्हणून स्टोव्हच्या मागे भिंतीत बाहेरून थेट हवा आणणारा पाइप टाकला, १०० मिमीचा, बाहेर जाळी, बंद करता येईल असं झाकण मुद्दाम ठेवलेलं नाही. थंडीत कोणीतरी तो नक्की चिंधीने बुजवेल म्हणून त्याचं तोंड खोलीत न उघडता स्टोव्हच्या खालच्या हवेच्या तोंडाशी जोडलं, आता बसणाऱ्याच्या पायाला वारा लागत नाही आणि बुजवायचा मोहही होत नाही. घर घट्ट आणि स्टोव्हला स्वतःची हवा, दोन्ही एकत्र करायचं. ज्यांनी यंदा फटी बंद केल्यात आणि जुनाच धुराड्याचा स्टोव्ह चालू ठेवणारेत त्यांनी हे एवढं तरी कराच.

७ ऑक्टोबर

लायनर बसलं. कोळसा आला. बाहेर शेडखाली लाकडी फळ्यांवर गोण्या, अँथ्रासाइटला पावसाने फारसं काही होत नाही पण गोठून एकमेकांना चिकटलेले खडे फावड्याने सुटत नाहीत म्हणून झाकून ठेवला. हलक्या जातीचा कोळसा मोठ्या ढिगात आपोआप तापून पेटू शकतो, अँथ्रासाइटला तो धोका फार कमी.

१९ ऑक्टोबर

पहिली आग. सगळं सविस्तर लिहिते कारण पुढच्या वर्षी विसरायला होईल.

आधी मॅनोमीटर (ओढ मोजायचं उपकरण) लावला, गार धुराड्यात ३ पास्कल, चालेल. कागद आणि बारीक काड्या, मग हाताच्या जाडीची कडक लाकडं, खालची हवा पूर्ण उघडी. लाकडाचे लालभडक निखारे जाळीभर पसरले तेव्हा कोळशाचा पहिला थर, अगदी पातळ, एक खड्याचा. इथे घाई केली की सगळं विझतं, अँथ्रासाइट पाचशे डिग्रीच्या आसपास गेल्याशिवाय पेट घेत नाही आणि थंड खडे खालच्या निखाऱ्यांची उष्णता पिऊन टाकतात. दहा-पंधरा मिनिटांनी तडतड ऐकू आली, खड्यांच्या मधून छोट्या निळ्या ज्वाळा. मग दुसरा थर, परत वाट, परत थर, असं करत विटांच्या काठापर्यंत भरला. थर जाड हवा, चार-सहा इंच तरी, पसरट पातळ थरात कोळसा एकमेकांना धरून राहत नाही.

ह्या निळ्या ज्वाळा म्हणजेच कार्बन मोनॉक्साइड जळतोय. खाली जाळीजवळ कार्बन आणि ऑक्सिजन मिळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या लालभडक खड्यांतून जाताना अजून कार्बन उचलून मोनॉक्साइड होतो, आणि थराच्या वर थोडी हवा आणि पुरेशी धग मिळाली की तो परत जळून डायऑक्साइड होतो. म्हणजे कोळशाची प्रत्येक आग आधी विष बनवते आणि मग जाळते. निळी ज्वाळा दिसतेय तोवर जळण्याचं काम चालू आहे, ज्वाळा नाही आणि वर काळे खडे नुसते धुमसतायत तर तो वायू न जळता धुराड्यात जातोय. हे आईला काचेतून दाखवलं, तिने आपल्या भाषेत पक्कं केलं, "निळं दिसल्याशिवाय झोपायला जायचं नाही." तेच नियम म्हणून स्टोव्हशेजारी लिहून लावलं.

तीन तासांनी खोली २१, पाइपात १४०, ओढ २२ पास्कल. ही जास्त झाली, कोळसा वाया जातो आणि आग आवरत नाही, म्हणून बॅरोमेट्रिक डॅम्पर लावला आणि वजन सरकवून १३ वर आणलं. हा डॅम्पर झडपेसारखा पाइप बंद करत नाही, ओढ वाढली की बाजूने खोलीतली हवा पाइपात सोडतो आणि आगीवरची ओढ कमी करतो, वाऱ्याच्या झोतालाही तोच सांभाळून घेतो. पाइप बंद करणारी जुनी झडप आम्ही काढून टाकलीये. कोळशाच्या आगीवर धुराडं बंद करायची सोयच नको.

२ नोव्हेंबर

बाहेर १७ डिग्री, ढगाळ, वारा नाही. आग मंद केली तर ओढ ५ वर. सप्टेंबरात लाल पेनने गोल केलेला आकडा समोर आला. आग विझू दिली आणि खोलीला विजेचा हीटर लावला. आमचा नियम आता असा आहे की बाहेर दहा-बाराच्या वर असेल तर कोळसा पेटवायचा नाही. कोळशाची आग लाकडासारखी तासभर लावून सोडून देता येत नाही, ती चालू राहिली तर नीट चालू राहायला हवी, नाहीतर नको.

१६ नोव्हेंबर

आता खरी थंडी. सकाळ-संध्याकाळ भरायची पद्धत बसली, तिघांनाही जमते. आधी खालची हवा पूर्ण उघडायची आणि पाच मिनिटं थांबायचं म्हणजे आग खुलते. मग दार बोटभर उघडून थांबायचं, एकदम उघडायचं नाही, आत साठलेल्या वायूला अचानक हवा मिळाली तर तो भपकन तोंडावर पेटतो. मग जाळी हलवायची, छोट्या छोट्या झटक्यांनी, ट्रेमध्ये पहिले लाल कण पडायला लागले की थांबायचं, त्याच्या पुढे हलवलं तर चांगले निखारे खाली जातात. वरून सळईने उकरायचं नाही, लाकडाच्या सवयीने भावाचा हात सारखा सळईकडे जातो. कोळशाचा थर रचलेला असतो, मोडला की राख वर येऊन वितळते आणि आग मरते.

मग नवा कोळसा, मागे उंच आणि पुढे उतरता, आणि पुढच्या बाजूला वीतभर लाल निखारे उघडे ठेवायचे. हे उघडे निखारे नव्या कोळशातून सुटणाऱ्या वायूला पेटवत राहतात. सगळी आग काळ्या कोळशाने झाकली तर वायू पेटीत साठतो आणि कुठून तरी ठिणगी मिळाली की आवाज करून फुटतो, पाइपाचे सांधे हलण्याइतका जोर त्यात असतो. निळ्या ज्वाळा सगळीकडे दिसल्या, साधारण पंधरा-वीस मिनिटं, की हवा कमी करायची. रात्री दहाला भरलेला सकाळी सातला व्यवस्थित लाल असतो.

राखेच्या कप्प्याचं दार उघडं ठेवून आग लवकर खुलवायचा मोह टाळायचा, तिथून बेहिशेबी हवा जाते आणि अर्ध्या तासात जाळी लाल होऊ शकते.

२५ नोव्हेंबर

क्लिंकर. राख वितळून झालेले काचेसारखे खडक, वीटभट्टीतल्या खंगरासारखे, जाळीच्या फटीत अडकलेले. आग फार जोरात चालली की राखेच्या वितळण्याच्या तापमानाच्या वर जाते, सलग थंडीत दोन दिवस आम्ही ती तशी चालवली होती. आग उतरवून चिमट्याने काढले, आणि हवा थोडी कमी ठेवून थर थोडा जाड ठेवला. नंतर नाही झाले.

९ डिसेंबर

आज आकडे नाही, दुसरं लिहायचंय. १९५२ साली ५ ते ९ डिसेंबर लंडनवर धुकं बसलं, वारा पडला होता, थंडी होती आणि लाखो घरांनी चुलीत धुराचा कोळसा घातला होता. सुरुवातीच्या हिशोबात चार हजारांच्या आसपास माणसं गेली असं धरलं, नंतरच्या अभ्यासकांनी आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यातून १९५६ चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. घराघरातल्या ऊबेने शहर मारलं. पोलंडच्या क्राकोवमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून घरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळायला बंदी आहे, मंगोलियाच्या उलानबातारमध्ये त्याच वर्षी मे महिन्यापासून कच्च्या कोळशावर, इंग्लंडमध्ये मे २०२३ पासून साध्या घरगुती कोळशाच्या विक्रीवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात प्रक्रिया न केलेला कोळसा घरात वापरूच नये म्हटलंय, आणि घरातल्या कोळशाच्या धुराला आयएआरसीने (ह्याच संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात ठेवलंय.

हे सगळं मला मान्य आहे. दाट वस्तीत, घराला घर लागून असेल तिथे मी हा स्टोव्ह पेटवला नसता. आमच्याभोवती मोकळी जागा आहे, कोळसा बिनधुराचा आहे, तरी एक किलो जळला की सव्वातीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातोच, त्याला जाळी आणि धुराडं काही करू शकत नाही. म्हणून छतावर अजून एक थर टाकायचा आणि बाहेर पाचच्या वर असेल तेव्हा हीटरवरच भागवायचं असं आज तिघांनी बसून ठरवलं. कोळसा कडाक्याच्या रात्रींसाठी.

२८ डिसेंबर

बाहेर उणे ९. वीज संध्याकाळी गेली ती पहाटे आली. आत १९ ते २१, पाइपात १६०, ओढ १३ वर स्थिर, तिन्ही अलार्मवर शून्य. आमच्या स्टोव्हला पंखा नाही, मोटर नाही, वीज नसताना तो तसाच चालतो, ह्याच रात्रीसाठी सप्टेंबरपासून खटपट केली. आई गाढ झोपली. दिवसभरात १९ किलो लागला, हिशोबाने २९ डिग्रीच्या फरकाला २१ येत होता, म्हणजे इन्सुलेशनने थोडं जास्तच काम केलंय. वीज आल्यावर एक्झॉस्ट फॅन पूर्ण जोरात लावून ओढ बघितली, १३ ची ११ झाली, स्वतंत्र हवेचा पाइप आपलं काम करतोय.

८ फेब्रुवारी

ओढ आठवडाभर हळूहळू उतरत होती, १३, १२, १०. बाहेरचं तापमान तेच, कोळसा तोच. अँथ्रासाइटची डांबरी काजळी होत नाही पण बारीक राख उडते आणि जिथे पाइप आडवा होतो तिथे बसते. स्टोव्ह गार करून मागचा ९० डिग्रीचा एल्बो, म्हणजे पाइपाच्या वळणाचा तुकडा, उघडला, निम्मा भरलेला होता. साफ केल्यावर परत १३. मॅनोमीटर नसता तर हे एल्बो बंद होईपर्यंत कळलं नसतं, म्हणून ज्याला थर्मामीटर आणि मॅनोमीटर ह्यातलं एकच परवडतंय त्याने मॅनोमीटर घ्यावा असं माझं मत झालंय.

राखेबद्दलही लिहायचं राहिलं होतं. पत्र्याची झाकणाची बादली, घराबाहेर, लाकडापासून लांब, फरशीवर. वरून गार वाटणाऱ्या राखेत आत निखारा दोन-तीन दिवस जिवंत राहू शकतो. भाजीच्या वाफ्यात ही राख घालायची नाही, लाकडाच्या राखेसारखी ती नसते, तिच्यात आर्सेनिकसारखे विषारी घटक थोडे का होईना असतात. आणि पेटत्या कोळशावर पाणी ओतायचं नाही कधीच, वाफ आणि तापलेला कार्बन मिळून हायड्रोजन आणि मोनॉक्साइड होतात. आग बंद करायची तर हवा बंद करायची आणि जळून संपू द्यायची, धुराडं मात्र उघडं.

२३ मार्च

हंगाम बंद. आग आपोआप संपू दिली, त्याच आठवड्यात सफाईला हात घातला कारण गंधकाची राख पावसाळी दमट हवेत ओल धरते आणि उन्हाळाभर लोखंड खात बसते, जास्त नुकसान स्टोव्ह बंद असतानाच होतं. पाइप सगळा उतरवून ब्रश केला, स्टोव्हच्या आतली प्रत्येक फट व्हॅक्युम केली, जाळीला आणि दाराच्या बिजागऱ्यांना तेलाचा हात फिरवला, दार थोडं उघडं ठेवलं म्हणजे हवा खेळती राहील. लायनरमध्ये आरसा आणि टॉर्च घालून बघितलं, कुठे डाग किंवा खड्डे नाहीत. चीर पडलेली वीट बदलावी लागेल, फायर सिमेंट सुटलंय. मागचा ९० चा एल्बो काढून तिथे ४५ चे दोन लावायचे आणि त्यांच्यामध्ये सफाईचं झाकण, भावाने माप घेतलंय, पाइपवाल्याला पुढच्या आठवड्यात सांगणार. शेडमध्ये थोड्या गोण्या उरल्यात त्या पुढच्या हिवाळ्याच्या पहिल्या महिन्याला पुरतील.